लाकडी होडी कशी बांधतात? मुंबईच्या कोळीवाड्यातली सुतारकी आणि देशावरची वाकडी बाभूळ

परळचं वाडिया हॉस्पिटल माहीत नाही असं घर आपल्या सातारा जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. गिरणीत कामाला गेलेल्या माणसांची पोरं तिथंच जन्मली, तिथंच बरी झाली. पण वाडिया म्हणजे काय, हे फारसं कुणी विचारत नाही. गुजरातीत वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. हे पारशी घराणं मूळचं सुरतेचं आणि धंदा सुतारकीचा. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. इंग्रजांना इथं जहाजं बांधायची होती, म्हणून त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांच्याच वंशातल्या नौरोसजी वाडियांनी १८७९ साली बॉम्बे डाईंग काढली. दादर-नायगावची स्प्रिंग मिल त्याच कंपनीची. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांची चूल ज्या गिरणीवर पेटली, तिच्या मालकांचे पूर्वज वाकस आणि करवत घेऊन मुंबईत उतरले होते.

ही सुतारकी नेमकी कशी असते, होडी कुठल्या लाकडाची, कशी बांधतात, आणि आता मुंबईत ती बांधताना का दिसत नाही, याची माहिती या लेखात घेऊ. आपला तालुका दुष्काळी, समुद्र दीडदोनशे किलोमीटर लांब. तरी या विषयाशी आपला संबंध आहे. तो बाभळीच्या खोडातून येतो, ते पुढं कळेल.

गोदीतली जहाजं

मुंबईची पहिली कोरडी गोदी १७५० साली तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे दगडी बांधकामाचा मोठा हौद. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि जहाजाच्या बुडाखाली जाऊन काम करायचं. या जुन्या गोद्या आजही फोर्टात नौदलाच्या आवारात आहेत. सामान्य माणसाला आत सोडत नाहीत.

वाडियांनी इथं सुमारे दीडशे वर्षं जहाजं बांधली. १८१० साली ‘मिंडेन’ नावाची ७४ तोफांची लढाऊ नौका मुंबईत तयार झाली. १८१३ ला ‘कॉर्नवॉलिस’ झाली. १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह याच कॉर्नवॉलिसवर झाला. आणि १८१७ ला पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी पाण्यावर तरंगते आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. जमशेदजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली ती बांधली. लाकूड मलबारचा साग.

इंग्लंडमध्ये जहाजं ओक नावाच्या झाडाची बांधायचे. ओकच्या लाकडातल्या आंबटपणानं लोखंडी खिळे गंजतात. सागात उलट तेल असतं, ते लाकूडही राखतं आणि खिळाही. म्हणून सागाची जहाजं ओकच्या जहाजांपेक्षा जास्त टिकली. त्रिंकोमालीची आणखी एक गंमत आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजातून पाठवले, ते १८१२ च्या अखेरीस अमेरिकन जहाजाशी लढताना गेलं. नकाशेही गेले. मग दुसरी प्रत येईपर्यंत काम थांबलं.

आमच्या गावचे सुतार बैलगाडी कागदावर काढत बसले नाहीत कधी. कोळीवाड्यातले होडीचे मिस्त्रीही तसेच.

कोळ्यांची होडी वेगळी

गोदीतल्या जहाजांची नोंद इंग्रजांच्या दप्तरात राहिली, पुस्तकं निघाली. पण मुंबईत गोदी होण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी इथं मासे मारत होते. कुलाबा, मांडवी, माझगाव, शिवडी, वरळी, माहीम, सगळीकडं कोळीवाडे. त्यांच्या होड्या वाळूवर बांधल्या जायच्या आणि त्यांचं दप्तर मिस्त्रीच्या डोक्यात. म्हणून त्यांचा इतिहास लिहिलेला फार थोडा सापडतो.

समुद्रावरच्या लोकांना सगळ्या बोटी सारख्या नसतात. एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली लहान डोणी, तिला कोकणात पगार म्हणतात. त्यासाठी आंब्याचा किंवा उंडीचा जाड बुंधा लागतो. फळ्या जोडून केलेली ती होडी. त्याहून मोठा, खोल समुद्रात जाणारा मचवा. मालाची ने-आण करणारी शिबाडं आणि पडाव. मराठ्यांच्या आरमारात गलबतं आणि गुराबा होत्या, आणि त्या काळी जहाजात किती माल मावतो ते खंडीत मोजत, आपण धान्य मोजायचो तसं. विजयदुर्गजवळ गिर्ये इथं खाडीकाठी खडक फोडून केलेली आरमाराची गोदी अजून बघायला मिळते.

पुन्हा गावागावाची घडण वेगळी. सातपाटीची होडी वेगळी, वर्सोव्याची वेगळी. आपल्याकडं कसं, गाडीच्या साटीवरून आणि जुवावरून ती कुठल्या भागातली आहे ते जुनी माणसं सांगायची, तसंच जाणकार कोळी नाळेचा उतार बघून होडी कुठली ते लांबून सांगतो. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ.

मुंबईचा किनारा उथळ आणि चिखलाचा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड मजला उंची. सकाळी होडी पाण्यावर आणि दुपारी तीच होडी चिखलात बसलेली. रोज असं बसणं-उठणं बुडानं सोसलं पाहिजे, म्हणून होडीचा कणा आणि बुडाचं लाकूड निवडताना कसर करून चालत नाही.

लाकूड कुठलं आणि का

आता आपल्या कामाचा भाग.

होडीला एकच लाकूड लागत नाही. कणा, ज्याला पठाण म्हणतात, तो जड आणि चिवट लाकडाचा. ऐन, किंजळ किंवा साग. लांब एकसंध मिळाला तर उत्तम, नाही तर दोन तुकडे तिरके कापून एकमेकांवर बसवतात. बाहेरच्या फळ्या शक्यतो सागाच्या. साग परवडत नसेल तर कोकणात आंबा, फणस, उंडी जे गावात मिळेल ते वापरत. डोलकाठीसाठी म्हणजे शिडाच्या खांबासाठी सरळ उंच झाड.

आणि आतल्या फासळ्या, म्हणजे वांक. माणसाच्या छातीला जशा बरगड्या, तशा होडीला वांक. कण्यापासून निघून दोन्ही अंगांना वर वळत जाणारी लाकडं. ती सरळ चालत नाहीत. सरळ लाकूड करवतीनं वाकडं कापलं तर त्याच्या रेषा मध्येच तुटतात आणि लाट आपटली की त्याच जागी ते मोडतं. म्हणून मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड पाहिजे. झाडाच्या रेषा ज्या वळणानं गेल्या, त्याच वळणाचा वांक. मग तो तुटत नाही.

असं लाकूड देतं कोण? तर बाभूळ. बाभळीचं खोड सरळ असतं कधी? ओढ्याच्या काठाला, बांधाला, वाऱ्याच्या तोंडाला वाढलेली बाभूळ मनाला येईल तशी वळते. लाकूड कठीण, जड, चिवट. आपल्याकडं औताला, गाडीच्या चाकाला, कुळवाला तीच वापरायचो. कोकणात पाऊस जास्त, तिथं बाभूळ कमी. देशावर आणि गुजरातेत मुबलक. म्हणून महाराष्ट्रात आणि गुजरातेत होड्यांच्या वांकांना बाभूळ वापरण्याची जुनी रीत आहे. जे खोड आपण ‘कशाचं कामाचं नाही’ म्हणून तोडून चुलीला किंवा वीटभट्टीला देतो, त्याच खोडाकडं होडीचा मिस्त्री चार बाजूंनी फिरून बघतो आणि मनात मोजतो, की हे डाव्या अंगाला नाळेपासून तिसरं बसेल. सरळ सागाला गिऱ्हाईक कुठंही आहे, वाकड्या बाभळीला हे एकच मानाचं गिऱ्हाईक होतं.

मुंबईत लाकूड यायच्या जागांची नावं अजून शिल्लक आहेत. रे रोडजवळ दारूखान्यात लकडी बंदर आहे. दारूखाना म्हणजे पिण्याची दारू नव्हे, तिथं तोफांच्या दारूचं कोठार होतं. आता तिथं जुनी जहाजं तोडतात आणि भंगार विकतात. शिवडीला टिंबर पाँड आहे, म्हणजे लाकडाचे ओंडके पाण्यात तरंगत ठेवायचं तळं. ओंडका पाण्यात ठेवला की उन्हानं तडकत नाही.

बांधायला घेतात तेव्हा

किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर, सपाट मोकळी जागा लागते. लाकडी ठोकळ्यांवर पठाण ठेवतात. त्या दिवशी पूजा होते, नारळ फुटतो. कोळ्यांची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा, तिचं नाव घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही. मग पठाणाच्या पुढच्या टोकाला नाळेचा खांब आणि मागं सुकाणूचा खांब उभा राहतो. इथंच होडीची लांबी आणि चाल ठरून जाते. नाळ किती तिरकी ठेवायची यावर ती लाट कशी कापणार ते अवलंबून. हे मिस्त्री डोळ्यानं ठरवतो. फार तर एक पातळ लवचिक पट्टी लावून बघतो, लांब जाऊन बघतो, परत येतो.

नंतर मधले दोन-चार मुख्य वांक बसतात. त्यांच्यावरून पट्ट्या टाकून होडीचा आकार दिसायला लागतो. मग बाकीचे वांक त्या आकाराला धरून घडवायचे. जागेवर धरून बघायचं, खूण करायची, वाकसानं तासायचं, पुन्हा धरायचं. वाकस म्हणजे आपल्या सुताराचंच हत्यार. बाकीची हत्यारंही ओळखीचीच आहेत: करवत, पटाशी, रंधा, गिरमिट, आणि दोरीनं फिरवून भोक पाडायचा सामता. आता सामत्याच्या जागी विजेचं ड्रिल आलं आहे आणि करवतीच्या जागी कटर. वाकस मात्र गेलेला नाही, कारण वळणावर यंत्र चालत नाही.

फळ्या चढवणं हे सगळ्यात कष्टाचं. जाड फळी सरळ असते आणि होडीचं पोट गोल. नाळेजवळ तर फळीला एकाच वेळी वळावं आणि पिळावं लागतं. त्यासाठी फळी ओली करून खालून विस्तवाचा शेक देतात, टोकाला वजन टांगतात, आणि गरम असतानाच चार माणसं ती वांकांवर दाबून धरतात. थंड व्हायच्या आत खिळे. घाई केली तर फळी चिरते, उशीर केला तर वळत नाही.

खिळे लांब, लोखंडाचे, जस्त चढवलेले. आधी भोक पाडायचं आणि मग खिळा ठोकायचा. भोक न पाडता ठोकला तर लाकूड फाटतं. खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेला कापूस गुंडाळतात, तिथून पाणी आत येऊ नये म्हणून. आतल्या बाजूला निघालेलं टोक वाकवून परत लाकडात ठोकतात. एका होडीला खिळे किलोवर नाही, पोत्यावर लागतात.

सुरत-मुंबईकडं अठराव्या शतकात फळ्या जोडायची एक खास रीत होती. दोन फळ्या नुसत्या शेजारी ठेवायच्या नाहीत, तर एकीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड त्यात बसवायची, मध्ये कापूस. युरोपातून आलेल्या प्रवाशांनी या सांध्याचं कौतुक लिहून ठेवलं आहे. वेळखाऊ काम, पण जोड असा घट्ट की पाणी शिरायला वाट नाही.

त्याही आधी अरबी समुद्रात खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून जहाजं करत. ती कला मेली नाही हे दाखवायला नौदलासाठी गोव्यात एक शिवलेलं जहाज अलीकडं बांधून घेतलं. केरळचे कारागीर आणले होते. ‘कौंडिण्य’ नाव देऊन मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात घेतलं.

फटी, तेल आणि किडा

फळ्या बसल्या तरी फटी राहतातच. त्या फटींत कापसाची वात किंवा काथ्या बोथट छिन्नीनं ठोकून ठोकून भरतात आणि वरून राळ आणि तेलाचा लेप देतात. हे काम लाकडी हातोड्यानं, दिवसभर ठक-ठक-ठक. एका फटीत एकदा नाही, दोनदा-तीनदा.

पुढची गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटेल. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक सुकून आरे हलायला लागले की आपण चाक ओढ्यात नाही तर डबक्यात टाकून ठेवायचो. लाकूड फुगलं की चाक पुन्हा घट्ट. होडीचं अगदी तेच आहे. पाण्यात उतरली की फळ्या फुगतात आणि फटी आपोआप आवळतात. नवी होडी पहिल्या दिवशी थोडं पाणी घेतेच, त्याला कुणी घाबरत नाही. उलट होडी महिनोन् महिने उन्हात कोरडी पडली तर ती खराब होते. म्हणून वर काढलेल्या होडीवर झापं किंवा ताडपत्री घालतात.

बाहेरून तेलाचा हात. पूर्वी मुशीच्या काळजाचं तेल लावायचे. मुशी म्हणजे शार्क मासा. त्याचा वास ज्यानं घेतला तो विसरत नाही म्हणतात. काजूच्या टरफलाचं तेलही कोकणात होड्यांना आणि जाळ्यांना लावत आले आहेत. पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी कालवून जाड लेप द्यायचे.

हा लेप किड्यासाठी. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. लहान असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि मग आतल्या आत खात वाढत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, बोटानं दाबली तर बोट आत. ज्वारीच्या ताटात खोडकिडा शिरल्यावर जसं होतं तसं. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा याच कारणासाठी मारायचे. कोळ्यांना तांबं परवडणारं नव्हतं. त्यांनी चुना, तेल आणि दर वर्षी होडी वर काढून बूड तपासणं, यावर भागवलं.

दर वर्षीच्या या तपासणीवर होडीचं सगळं आयुष्य अवलंबून आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांची वीण असते म्हणून. त्या काळात होड्या वर येतात. कुजलेली फळी काढायची, तिच्या जागी नवी. हललेला खिळा उपटून दुसरा. फट उकरून नवा कापूस. मग रंग, आणि नारळी पौर्णिमेला पूजा. दहा-पंधरा वर्षांत होडीच्या कितीतरी फळ्या बदलून झालेल्या असतात, तरी नाव तेच, नंबर तोच. नीट राखली तर लाकडी होडी बापाकडून मुलाकडं जाते. मोडायची वेळ आली तरी इंजिन, लोखंड आणि सागाचं लाकूड विकून काही ना काही हाताला लागतं.

फायबर का आलं

१९५०च्या दशकापासून होड्यांना इंजिनं बसायला लागली. शिडाची होडी आणि इंजिनाची होडी यांची घडण वेगळी. इंजिनाचा थरथराट सोसायला मागचा भाग जाड आणि रुंद करावा लागला. मग बर्फाचे कप्पे आले, मोठी जाळी आली, होडी वाढत गेली. मिस्त्रींनी हे सगळे बदल कुठलंही शिक्षण न घेता लाकडात करून दाखवले, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

पण साग महागला. जाड जुनी झाडं राहिली नाहीत. मिस्त्रीची पोरं या धंद्यात आली नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. उन्हात वाळूवर बसून वर्ष-वर्ष काम, आणि पुढच्या ऑर्डरचा भरवसा नाही. मग काचेच्या धाग्याचं कापड आणि राळेसारखं रसायन वापरून साच्यात होडी तयार करायची पद्धत आली. तिला सगळे फायबर म्हणतात. एक साचा केला की त्यातून डझनावारी होड्या निघतात. वजनाला हलकी, म्हणून डिझेल कमी. किडा लागत नाही, फटी नाहीत, दर वर्षी कापूस ठोकायला नको. वरळी-माहीमच्या लहान होड्या आता बऱ्याच फायबरच्या दिसतात.

नाखव्याचं, म्हणजे होडीच्या मालकाचं म्हणणं सरळ आहे. रोजचा खर्च कमी होतो ना, मग झालं. आपण लाकडी नांगर सोडून लोखंडी घेतला, पुढं ट्रॅक्टर घेतला, तेव्हा सुताराला विचारलं नव्हतं. बलुतं बंद पडलं ते असंच. त्यामुळं फायबर वाईट आणि लाकूड चांगलं असं म्हणायचा अधिकार मला नाही.

फरक एवढाच की फायबर जुनं झालं की त्याचं काही होत नाही. जाळलं तर विषारी धूर, पुरलं तर कुजत नाही, भंगारवाला घेत नाही. खडकावर आपटून मोठा तडा गेला तर जोडता येतं, पण लाकडासारखा एक तुकडा काढून दुसरा बसवता येत नाही.

मधला मार्गही आहे. जुन्या लाकडी होडीवर बाहेरून फायबरचा थर चढवतात. आत लाकडाचा सांगाडा, बाहेर किडा न लागणारी कातडी. तो थर चढवताना लाकूड नीट कोरडं हवं, नाही तर आतल्या आत कुजतं. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका अशीच लाकूड आणि फायबर मिळून केलेली आहे. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी एकट्यानं २००९-१० साली पृथ्वीची प्रदक्षिणा केली.

जागाच राहिली नाही

लाकूड महाग झालं, कारागीर कमी झाले हे तर खरंच. पण माझ्या मते मुंबई शहरात होडी बांधणं थांबायचं पहिलं कारण जागा. होडी बांधायला वाळू लागते, ती वर ओढायला उतार लागतो, आणि बांधून झाल्यावर समुद्रात जायला वाट लागते. मुंबईत एकेक करून हे तिन्ही आटत गेलं.

सायन कोळीवाडा हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं. हार्बर लाईनवरच्या स्टेशनचं जुनं नाव कोळीवाडाच होतं, आता गुरू तेगबहादूर नगर. तिथं उभं राहिलं तर समुद्र कुठं दिसत नाही. कोळ्यांची वस्ती होती, होड्या होत्या, पाणी मागं सरकवत नेलं आणि नाव तेवढं राहिलं. आपल्याकडं धरणाखाली गेलेल्या गावांची नावं जशी पुनर्वसनाच्या पाटीवर राहतात, तसंच हे.

वरळी कोळीवाड्याचं ताजं उदाहरण आहे. कोस्टल रोड जिथं सी-लिंकला जोडायचा होता, तिथूनच क्लिव्हलँड बंदरातल्या होड्या समुद्रात जातात. पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. कोळ्यांनी १६० मीटर मागितलं, कारण वारा आणि लाटा असताना खांबांच्या मधून होडी काढणं जिवावरचं काम. कामं अडवली, बैठका झाल्या, आणि शेवटी १२० मीटरवर तोडगा निघाला. कोळीवाड्यांच्या हद्दी कायम करून द्या, होड्या आणि जाळी ठेवायच्या मोकळ्या जागा त्यात धरा, ही मागणी जुनी आहे आणि अजून पूर्ण सुटलेली नाही. सात-बारावर नाव नसलेल्या गायरानाचं जे होतं ते आपल्याला माहीत आहेच. होड्या सुकवायची वाळू ही कोळ्यांची गायरानंच.

म्हणून मुंबईच्या ससून डॉकला आणि भाऊच्या धक्क्याला लागणाऱ्या मोठ्या बोटी आता बाहेर बांधतात. उरणजवळचं करंजा, वसईचा पट्टा, सातपाटी, पुढं रत्नागिरीपर्यंत. बोटीचं काम निघालं की मुंबईचा नाखवा तिकडं जातो.

गिरगाव चौपाटीवर वर्षातून एक दिवस अजून कोळ्यांच्या पाणी ओळखायच्या हुशारीवर सगळं चालतं, तो अनंत चतुर्दशी. लालबागच्या राजाला तराफ्यावर ठेवून खोल पाण्यात न्यायचं, ते भरतीची वेळ सांभाळून. हा राजा कोळ्यांच्याच नवसाचा. लालबागच्या बाजारात जागा मिळावी म्हणून मासे विकणाऱ्या बायांनी आणि व्यापाऱ्यांनी नवस केला होता आणि १९३४ साली गणपती बसला. २०२५ ला त्याच्यासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता. मूर्ती चौपाटीवर पोचेपर्यंत भरती चढली, मूर्ती तराफ्यावर चढेना, आणि विसर्जनाला दुसऱ्या दिवशीची रात्र उजाडली. टीव्हीवर आपण सगळ्यांनीच ते बघितलं. तराफा कितीही नवा असला तरी पाणी त्याच्यासाठी थांबत नाही.

ज्यांच्या बांधावर लाकूड आहे त्यांच्यासाठी

बांधावरचं झाड आपलं असलं तरी सगळीच झाडं मनाला येईल तशी तोडता येत नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर, जांभूळ, चिंच अशी झाडं आहेत. यांना हात लावण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यायची. लाकूड गाडीत भरून नेताना वाहतूक परवाना लागतो का, तेही आधीच विचारून घ्यायचं. बाभूळ या यादीत नाही. तरी दलाल सांगतो म्हणून गाडी भरू नका, एकदा वनरक्षकाला किंवा तलाठ्याला विचारा. वाटेत गाडी अडली तर दलाल फोन उचलत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव.

आणि वाकडं खोड विकायचंच असेल तर आधी तोडून तुकडे करू नका. तुकडे झाले की ते सरपण. वळण अखंड ठेवून विकलं तर ते लाकूड. होडीचा मिस्त्री दारात येईल असं नाही, पण औजारं आणि जुन्या पद्धतीच्या गाड्या करणारे सुतारही अशी वळणं शोधत असतात.

होडी बांधताना बघायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरा. मोऱ्याला उतरून उरणमार्गे करंजाला रिक्षा मिळते. मे संपता संपता जाल तर होड्या वर ओढायची गडबड असते, पाचपन्नास माणसं दोर धरून एका सुरात ओढतात. जून-जुलैत फळ्या बदलणं आणि कापूस ठोकणं चालू असतं, पण पावसात लाँच बंद राहू शकते, तेव्हा एसटीनं पनवेलवरून गेलेलं बरं. मिस्त्री कामात असला तर लगेच बोलत नाही. चहाच्या वेळेला जा.